हळदीच्या वखारीवरचा जिना

मु. पो. खडकवाडी, ता. वाई
२ मार्च १९७५

ती. अक्का,

लांबूनच पाया पडतो. आशीर्वाद टपालाने पाठव, पण पाठव.

बातमी चांगली आहे. पाचगणीच्या एका इंग्रजी शाळेला जूनपासून बसचा ड्रायव्हर हवाय. माझं मिलिटरीचं डिस्चार्ज बुक बघून साहेब खूश झाले. लडाखच्या बर्फात गाडी हाकलेल्या माणसाला पसरणीचा घाट म्हणजे अंगण, असं मी त्यांना सांगितलं. एप्रिलमध्ये ट्रायल घेणार आहेत. पेन्शनवर घरी बसून राहीच्या चुलीपुढे पाय आडवे टाकण्यापेक्षा हे बरं.

आता एक नाजूक काम. आपला ज्ञानू तुला आठवत असेल, चावडीमागचा, दूध घालतो तो. बिचारा फार पितो. मला बघवत नाही. माझा मुंबईचा दोस्त लिहितो की तिकडे दारू सोडू बघणारी माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, चहा पितात, आपापलं बोलतात आणि सुटतात. डॉक्टर नाही, अंगारा नाही. अशीच एक बैठक सांगलीत भरते असं त्याच्या कानावर आलंय, पत्ता मात्र ठाऊक नाही. तू शोधून काढ. ज्ञानूचं नाव कुणाला सांगू नकोस. माझंही सांगू नकोस, कारण माझं सांगितलं की ज्ञानूचं कळणारच.

दाजींना नमस्कार.

तुझा
हंबीर

सांगली
१२ मार्च १९७५

चि. हंबीर,

आशीर्वाद घातलाय पाकिटात, जपून फोड.

तुझ्या त्या ज्ञानूपायी माझ्या घराची काय शोभा झाली ते ऐक. आधी पेठेतल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी काळजीने विचारलं, "मालक किती घेतात?" मी म्हटलं, मालक नाही हो, गावाकडचा एक ज्ञानू आहे. त्यांनी मान हलवली आणि यकृताचं औषध लिहून दिलं. ते घेताना शेजारच्या रंगुबाईने बघितलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतली धोंडुबाई कसलीशी मुळी घेऊन आली, "चहात उगाळून घाला, कळू देऊ नका." आता तुझे दाजी संध्याकाळी कामावरून आले की अख्खी गल्ली त्यांची चाल बघते. दिवसभर वखारीत हळदीची पोती तोलून माणूस दमतो, जरा झुकून चालतो. ज्यांनी जन्मात सुपारी खाल्ली नाही, त्यांच्याकडे बघून बाया पदर तोंडाला लावतात. परवा मला म्हणाले, "आगं, आता पिऊनच येतो. येवढी बदनामी वाया कशाला घालवायची?"

पण तुझी अक्का शोधायला निघाली म्हणजे शोधतेच. मिरजेच्या एका नर्सबाईने सांगितलं. हळदपेठेत ओढ्याच्या अंगाला जी सगळ्यात जुनी वखार आहे, तिच्यावर एक खोली आहे. गुरुवारी दिवेलागणीला बसतात. बाहेर पाटी नाही. कुणी नाव विचारत नाही, कुणी बोलावत नाही. आपणहून जायचं आणि गप बसायचं.

आणखी एक ऐकलं. ज्ञानूलाही म्हणे घाटातून लोकांची पोरं न्यायची नोकरी मिळायची आहे! काय योगायोग. आणि त्याच्या बायकोने त्याला बजावलंय म्हणे, जूनच्या आत बाटली सुटली नाही तर ती स्वतः पाचगणी चढून साहेबांना सांगून येईल. शहाणी बाई आहे. ज्ञानूला सांग, अक्का तिच्या बाजूने आहे.

तो आला तर आधी आमच्याकडे उतरू दे. भाकरी टाकून ठेवीन.

अक्का

खडकवाडी
२३ मार्च १९७५

ती. अक्का,

पाया पडतो. ज्ञानू गुरुवारी जाऊन आला. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

पलटणीची सवय, वेळेआधी रिपोर्ट करायचा. दिवेलागणीची वेळ दिलेली, ज्ञानू तीन वाजताच पेठेत हजर. जुनी वखार सापडली. पाटी नव्हती. ओसरीवर सात-आठ माणसं तक्क्याला टेकून मुकाट बसलेली. एक भारदस्त गृहस्थ हातावर उपरणं टाकून एकेकापुढे जात होते. ज्याच्यापुढे जातील तो उपरण्याखाली हात घालायचा, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे, कुणी मान हलवायचा, कुणी उसासा टाकायचा. शब्द नाही, नाव नाही. ज्ञानूला वाटलं, हीच ती बैठक! काय अब्रूने चालवलीय, माणसाचं दुःखसुद्धा झाकून विचारतात.

तो बूट काढून कडेला बसला. गृहस्थ त्याच्यापुढे आले. त्याने उपरण्याखाली हात घातला आणि सगळा जीव एकवटून त्यांची पाचही बोटं धरली. सोडवत नव्हती. ते म्हणाले, "पक्कं?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "पक्कं. आता माघार न्हाई." सगळे "वा पाव्हणं!" म्हणाले. एका म्हाताऱ्याने कपाळाला हळद लावली. अक्का, खरं सांगतो, इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात हमाल आला. "पाव्हणं, ढीग भराया घेतो. ट्रक कुटं लावलाय?"

ते हळदीचे सौदे होते. तुम्हा सांगलीकरांना तोंड दिलंय देवाने, तरी तुमचे जुने व्यापारी उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगतात! पाच बोटं धरून ज्ञानूने दिवसाचा सगळ्यात चढा भाव दिला होता आणि अख्खा ढीग विकत घेतला होता.

ज्ञानू बूट हातात घेऊन पळाला. बैठक राहिली ती राहिलीच. परत येताना कराडला गाडी बदलायला त्याला जरा उशीर झाला. बाकी सर्व ठीक.

हंबीर

सांगली
२९ मार्च १९७५

हंबीर,

आज आशीर्वाद नंतर, आधी ऐकून घे.

दूध घालणारा ज्ञानू कोणत्या पलटणीत होता रे? आणि पळता पळता त्याने वखारीला सॅल्यूट कशाला ठोकला? तुझे दाजी त्याच वखारीत तोलाईला आहेत, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं; नाहीतर तू फिरकला नसतास. त्या वेळी ते मागच्या बाजूला काट्यावर होते. बाहेर आले तर सगळी पेठ पोट धरून हसतेय. "ह्येवढ्या मिशा, अन् पायात मोजं," एवढं ऐकलं आणि त्यांनी ओळखलं. तुझ्या राहीचं पत्रही मला केव्हाच आलंय. तिला लिहिता येत नाही म्हणून तिने ते ज्ञानूकडूनच लिहवून घेतलं. त्या बिचाऱ्याचं अक्षर अगदी सरळ आहे. वाकडं हल्ली तुझंच येतं. आपले वडील मास्तर होते, छडी घेऊन आपल्या दोघांना वळण लावलं, ते आठव.

तू खोटं बोललास त्याचा राग नाही. सांगलीत आलास आणि माझ्या दारात आला नाहीस, त्याचा आहे. मी भाकऱ्या टाकून बसले होते. दाराकडे बघत होते. तुझे दाजी म्हणाले, येईल, येईल. दुसऱ्या दिवशी त्याच भाकऱ्या आम्ही दोघांनी खाल्ल्या आणि मला रडू आलं. कराडला कसला उशीर झाला तेही मला कळतं. माझ्यापासून काय लपवतोस? तुला मी कडेवर खेळवलाय.

आता पुढचं. हे माफी मागायला मालकांकडे गेले. उपरणंवाले गृहस्थ तेच, बाळगोंडा अण्णा. मोठे अडते, जैन माणूस. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. हे म्हणाले, "अण्णा, तो माझा मेव्हणा. हळदीला न्हाई, वरच्या खोलीला आलता." अण्णांचं हसू थांबलं. मग म्हणाले, "आवं केरबा, मग त्यानं बरुबर हात धरला की. गुरुवारी वर या म्हनावं. त्यो जिना मीबी चढतो."

मी सबंध सांगली पालथी घातली, गल्लीत नाव घालवलं, आणि माणूस ह्यांच्या डोक्यावर बसला होता! त्यांनी हे फक्त तुला कळवायला सांगितलंय. त्यांच्या समाजात कळलं तर काय होईल ते तुला सांगायला नको. तुझ्यासाठी त्यांनी एवढं उघड केलं. ढीग दुसऱ्याने घेतला, ती काळजी नको.

आशीर्वाद आहेच. तो कधी रागावत नाही.

अक्का

खडकवाडी
१४ एप्रिल १९७५

ती. अक्का,

ज्ञानूला मोकळा करतो. तो आजही दूध घालून गेला, मला त्याच्याकडे बघवेना.

कराडला प्यालो. बावधनच्या बगाडाच्या जत्रेत प्यायचं नाही असं ठरवून गेलो आणि दोघांनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं. राही काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा बरं असतं.

पण हे नवीन नाही. नवीन ते सांगतो. शुक्रवारी ट्रायल होती. सकाळी हात असे थरथरत होते की कपातला चहा निम्मा बशीत. म्हणून गोठ्यात जाऊन मिलिटरी कॅन्टीनच्या बाटलीतली घोटभर घेतली. हात शांत झाले. मग रिकामी बस घेऊन घाट उतरलो आणि चढलो. साहेबांनी पाठ थोपटली, असा हात बघितला नाही म्हणाले. अक्का, मी पास झालो. आणि ज्या हाताचं त्यांनी कौतुक केलं तो हात त्या घोटाने धरून ठेवला होता. गाडीतून उतरताना आरशात मागच्या रिकाम्या सीटा दिसल्या आणि मला दरदरून घाम फुटला. जूनमध्ये तिथे पोरं बसणार. गोळीबारात गाडी घातली तेव्हा भ्यालो नव्हतो. आता भितो.

तुझ्या दारात आलो नाही, कारण दाजींच्या समोर बसून ह्या हाताने भाकरी मोडायची लाज वाटली. एवढंच.

हंबीर

सांगली
१८ एप्रिल १९७५

चि. हंबीर,

कार्डच टाकते, पोस्टमन वाचतो म्हणून कमी लिहिते. बुधवारच्या गाडीने ये. राहीला घेऊन ये. गुरुवारी हे जिन्याच्या पायथ्याशी उभे राहतील, वर येणार नाहीत. पुन्हा ढिगाकडे वळलास तर मानगूट धरतील. बूट मी आधीच लपवून ठेवणार आहे, चपला घालून किती पळशील?

भाकरी मोडता नाही आली तर मी मोडून देईन. लहानपणी कोण मोडून देत होतं?

अक्का

खडकवाडी
२९ एप्रिल १९७५

ती. अक्का,

पाया पडतो. त्या रात्री जेवताना तू काही विचारलं नाहीस, दाजींनी विचारलं नाही, नुसतं वाढत राहिलात. म्हणून आता लिहितो. तिथे दुसऱ्यांनी सांगितलेलं तिथेच ठेवायचं असतं. माझं मला सांगता येतं.

अर्ध्या जिन्यावर गेलो तर वरून खोखो हसण्याचा आवाज. मला वाटलं, हे तर पिऊन बसलेत! मागे वळलो. खाली दाजी हाताची घडी घालून उभे. सैन्यात मी कडक सुभेदार बघितलेत, पण तसा चेहरा नाही बघितला. गेलो वर.

आठ-दहा माणसं, एक किटली, पार्ले बिस्किटं. बाळगोंडा अण्णांनी मला बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. "पाव्हणं, आज भाव न्हाई." सगळे पुन्हा हसले, आणि मीही हसलो. कित्येक दिवसांनी शुद्धीत हसलो. मग मी बगाडाचं सांगितलं, गोठ्यातलं सांगितलं, घोटावर पास झालो ते सांगितलं. अक्का, कुणी छी-थू केली नाही. माना अशा हलवत होते की जणू मी त्यांच्याच घरचं सांगतोय. जूनमध्ये बस चालवायची आहे म्हटल्यावर मात्र अण्णांनी कप खाली ठेवला. अण्णा म्हणाले, "आज पिलो न्हाई, आमी येवढंच धरतो. जूनचं जूनमदी बगू. पर त्या सायबाला ठावं हाय का?"

हा प्रश्न वाईपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला. वाईला उतरल्यावर घरी गेलोच नाही. राहीला घेऊन पाचगणीची गाडी धरली आणि साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, स्टेअरिंग देता येणार नाही. ड्रायव्हर म्हणून भिलारचा अर्जुना घेतो. तुम्हाला हवं असेल तर त्याच्या हाताखाली क्लीनर व्हा. वर्षभर बघतो, मग ठरवतो.

हवालदार हंबीरराव, क्लीनर! ज्या पोराला मी दाढी नीट कर म्हणून ओरडलो असतो, त्याच्या हाताखाली. बाहेर राही उभी होती.

"काय म्हनलं?"

"क्लीनर."

"मग व्हा क्लीनर. काच पुसताना हात थरथरला तर कुनी दरीत जात न्हाई."

तिला पुढे काही न विचारता मी आत जाऊन हो म्हणून आलो. येताना तिने बाजारातून माझ्यासाठी पिवळं फडकं घेतलं, बसच्या काचेला.

हंबीर

सांगली
३ ऑगस्ट १९७५

चि. हंबीर,

पावसाआधीच्या दोन-तीन गुरुवारी आलास, मग एकदम गडप. महिना झाला, ओळ नाही. बाळगोंडा अण्णाही ह्यांना रोज विचारतात आणि ह्यांना सांगायला काही नसतं. मला वाईट वाईट स्वप्नं पडतात. पुन्हा बाटली घेऊन बसला असशील तर तसंच लिही. तशाही माणसाला मी भाऊच म्हणते. पण लिही.

गल्लीत धोंडुबाई सांगत फिरते की तिच्या मुळीने तुझे दाजी सुधारले. मी नाही म्हणत नाही. तिचा आनंद कशाला मोडू?

अक्का

पाचगणी
११ ऑगस्ट १९७५

ती. अक्का,

पाया पडतो, आणि कान पकडतो.

जुलैत एकदा घसरलो. पलटणीतला एकजण आला, त्याच्या पिशवीत होतीच. दुसऱ्या दिवशी लाज वाटून तुला पत्र लिहायला बसलो आणि फाडलं. मग राही म्हणाली, "पडलासा तर उटा. चिखलात बसून पाऊस मोजताय व्हय?" साहेबांना मीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, क्लीनरला स्टेअरिंग नसतं हे बरं झालं, आणि कामाला जा म्हणाले. तेव्हापासून थेंब नाही.

सांगलीला दर आठवड्याला येणं पावसात जमेना, हे मी जूनमध्येच अण्णांना कळवलं होतं; घसरल्यावर मात्र त्यांनाही लिहिलं नाही. त्यांच्या ओळखीने साताऱ्यात दोघं निघाले, त्यांना तिसरा हवा होता. आता रविवारी एका सायकलच्या दुकानामागे आम्ही बसतो. एक प्रोफेसर, एक गवंडी आणि एक क्लीनर. किटली माझी. पहिल्यांदा तिघंही एकमेकांकडे बघत बसलो. मग मी हळदीच्या ढिगाची गोष्ट सांगितली. प्रोफेसर इतके हसले की चष्मा चहात पडला.

इथे धुकं असं उतरतं की बसचं नाकसुद्धा दिसत नाही. मग मी खाली उतरतो आणि शिट्टी वाजवत बसपुढे चालतो, अर्जुना माझ्या शिट्टीमागे गाडी काढतो. पोरगा चांगला आहे. मला काका म्हणतो, मी त्याला दाढीवरून काही बोलत नाही. आरडाओरडा करणारी पोरं आत, मी बाहेर भिजतोय. स्वप्नं बघू नकोस. मी चालतोय.

हंबीर

वाई
३१ ऑक्टोबर १९७५

ती. अक्का,

हे स्टँडवर बसून लिहितोय. घरी जाईपर्यंत दम निघेना.

आज पोरांची दिवाळीची सुट्टी. पहाटे त्यांना वाईला साताऱ्याच्या गाडीपर्यंत आणायचं होतं. काल अर्जुना स्वतःच साहेबांकडे गेला. "सायेब, धुक्यात मला वाट ह्यो मानूस दावतो. गाडी काकास्नी द्या, मी क्लीनर हुतो." साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, हात पुढे करा. केले. अक्का, थरथरत होते! मी म्हटलं, "साहेब, आज पोटात फक्त चहा आहे. हे भीतीनं हलताहेत." त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्या त्याच हातात किल्ली ठेवली. "वर्षभर म्हणालो होतो," ते म्हणाले, "पण भिणारा ड्रायव्हर मला हवाय."

सुरुवातीला पोरांनी गाडी डोक्यावर घेतली. गाणी काय, फटाके कोण किती उडवणार त्याची भांडणं काय. मी पहिल्या वळणावर दुसरा गिअर टाकला आणि मग मला काही ऐकू येईना. घाट एकेक वळण करून उतरत होतो. थंडीतही शर्ट पाठीला चिकटला होता. खालची कृष्णा दिसायला लागली तेव्हा लक्षात आलं की गाडीत फारच शांत आहे. वाटलं, माझं काही चुकलं, पोरं घाबरली.

अर्जुनाला म्हटलं, "बघ रं जरा मागं."

तो उठला, बघून आला आणि हळूच म्हणाला, "काका, समदी झोपल्यात."

अक्का, माझ्या भरवशावर झोपली होती. सगळीच्या सगळी. वाईत दिवाळीचा बाजार भरलेला, सायकली, बैलगाड्या, म्हाताऱ्या, कंदीलवाले. तो अख्खा बाजार मी हॉर्न न वाजवता ओलांडला.

तुझा
हंबीर